रत्नागिरीचे हजारी ११२२: राजकीय कल आणि जीवनमानाची तुलना

२०११च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर शेजारच्या रायगड जिल्ह्यात ९५९. रायगडच्या अलिबाग-पेण-उरण पट्ट्यात शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा कित्येक दशके रुजलेला होता. रत्नागिरीत १९९०च्या दशकापासून शिवसेनेची पकड होती. एवढ्या माहितीवरून कोणी ‘उजव्या विचारांच्या मुलुखात स्त्रियांची स्थिती चांगली असते’ असा निष्कर्ष काढला, तर कोकणातील माणूस त्यावर हसेल, कारण रत्नागिरीचे पुरुष कुठे गेले हे त्याला पक्के ठाऊक असते. ते मुंबईत, ठाण्यात, नालासोपाऱ्यात आणि विरारमध्ये असतात. रायगडात उलट कारखाने आणि बंदरामुळे बाहेरून पुरुष येतात. नोकरीसाठी घर सोडण्याचा प्रश्नच नसलेल्या शून्य ते सहा या वयोगटात रत्नागिरीचे हेच प्रमाण हजारी साडेनऊशेच्याही खाली उतरते, म्हणजे मुलींच्या जन्माबाबत हा जिल्हा काही वेगळा नाही.

आपल्याला हास्यास्पद वाटणारी ही तुलना अमेरिकेत मात्र मोठ्या हिरिरीने केली जाते. तेथे रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारी राज्ये परंपरावादी आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी राज्ये उदारमतवादी, अशी ढोबळ वाटणी रूढ आहे. २०२० साली उदारमतवादी हवाईमधील सरासरी आयुर्मान ८०.७ वर्षे होते आणि परंपरावादी मिसिसिपीमधील ७१.९ वर्षे, एका बाजूला एवढा दाखला पुरतो. दुसरी बाजू मग युटाकडे बोट दाखवते, कारण ते राज्य वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मत देते आणि तरीही तेथील माणूस अमेरिकेच्या सरासरीपेक्षा अधिक जगतो. युटात तंबाखू आणि दारू वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथाचे अनुयायी फार मोठ्या संख्येने आहेत, हवाईमध्ये आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे आहे आणि मिसिसिपीची गरिबी गुलामगिरी व वंशभेदाच्या काळापासून चालत आलेली आहे. आजच्या पक्षीय नकाशाच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी आहेत.

समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल बोलण्यातील धोका विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली आकड्यांनिशी दाखवून दिला. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत ज्या राज्यांमध्ये परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते, त्या राज्यांमध्ये निरक्षरता कमी आढळत होती. पण माणसे एकेक करून पाहिली, तर परदेशात जन्मलेली व्यक्ती निरक्षर असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक निघत होती. स्थलांतरितांनी मुळातच साक्षर आणि संपन्न राज्यांमध्ये वस्ती केली होती, एवढाच त्याचा अर्थ. राजकारणातही हेच घडते: अलीकडच्या दशकांत अमेरिकेतील श्रीमंत राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकली, परंतु त्याच काळातील अनेक निवडणुकांत एकाच राज्यातील श्रीमंत मतदार गरीब मतदारापेक्षा रिपब्लिकन पक्षाला अधिक मत देत होता. तेव्हा राज्याचा रंग पाहून तेथील सुखवस्तू माणसाचे मत ओळखायला गेलेला माणूस फसणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण अशी की प्रदेश जागेवर राहतो आणि त्याच्यावरची राजकीय पाटी बदलत राहते. पूर्वीच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७पासून तीन वेळा नाथ पै यांना आणि १९७१पासून पाच वेळा मधु दंडवते यांना, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ समाजवाद्यांना, दिल्लीला पाठवले. १९९१ला तेथे काँग्रेस आली आणि १९९६ला शिवसेना. भातखाचरे, काजूच्या बागा, मुंबईची वाट धरणारी घरे तीच राहिली. या काळात कोकणच्या जीवनमानावर परिणाम करणारी सर्वांत मोठी घटना म्हणजे कोकण रेल्वे. तिच्यासाठी नाथ पै आणि दंडवते यांनी आग्रह धरला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ स्थापन झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा मतदारसंघ समाजवाद्यांच्या हातून कधीच गेला होता. या रेल्वेचा लाभ कोणत्या विचारसरणीच्या खात्यावर मांडायचा? निवडणुकीचा निकाल आणि जीवनमान एकाच वर्षाच्या रकान्यात लिहिणारा अभ्यासक तो चुकीच्या खात्यावर मांडेल, याबद्दल मला शंका नाही. केरळबद्दलही तेच म्हणता येईल. तेथील साक्षरतेचे श्रेय १९५७च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाला सर्रास दिले जाते, परंतु त्रावणकोर संस्थानाने राज्याच्या खर्चाने शिक्षण देण्याचे फर्मान १८१७ सालीच काढले होते.

आता मोजणीकडे वळू, कारण वाचकांच्या नजरेतून सर्वाधिक निसटते ती हीच बाब. सावंतवाडी किंवा कुडाळ तालुक्यातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, तर त्याला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, तेथून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि प्रकरण गंभीर असेल तर गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले जाते. तेथे त्याचे निधन झाले तर मृत्यूची नोंद गोव्यात होते, कारण १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा घटना जेथे घडली तेथे नोंद करायला सांगतो. मुंबईला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तर जन्माची नोंद गावी होते आणि ते मूल वाढते मुंबईत. त्यातच उमेदीची वर्षे मुंबईत काढलेला चाकरमानी निवृत्तीनंतर गावच्या घरी परततो. ज्या जिल्ह्यातून तरुण बाहेर जातात आणि वृद्ध परत येतात, तेथे दर हजारी मृत्यू जास्त दिसणारच, मग आरोग्यसेवा कितीही चांगली असो. म्हणून प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर स्वतंत्र काढून तो एकाच प्रमाण लोकसंख्येवर बसवावा लागतो. असा वयसमायोजित दर दिलेला नसेल, तर ती तुलना वाचण्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे. उत्पन्नाचीही तीच गत. मुंबईत कमावलेला पैसा मुंबईच्या उत्पन्नात धरला जातो आणि लांज्याच्या घराच्या छपरावर खर्च होतो, त्यामुळे कागदावर जिल्हा गरीब आणि घर मात्र नव्या पत्र्याचे, असे चित्र दिसते. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. गणपतीच्या आठवड्यात कोणी डोकी मोजली, तर वेगळाच जिल्हा हाती लागेल.

समाधान थेट माणसालाच विचारावे, असाही एक मार्ग आहे. २००६ साली प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत परंपरावादी रिपब्लिकनांपैकी ४७ टक्के आणि उदारमतवादी डेमोक्रॅटांपैकी २८ टक्के लोकांनी आपण ‘अतिशय सुखी’ असल्याचे सांगितले. मात्र २०१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने लोकांचे लेखन आणि छायाचित्रांतील हसू तपासले, तेव्हा उदारमतवाद्यांच्या बाजूला आनंदाच्या खुणा किंचित अधिक आढळल्या. ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘बरं चाललंय’ म्हणण्याची सवय सर्वत्र सारखी नसते.

याचा अर्थ राजकारणाने काहीच फरक पडत नाही असा नव्हे. कनेक्टिकट आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांचे आयुर्मान १९५९ साली जवळपास सारखे, म्हणजे सुमारे ७१ वर्षे होते. २०१७ साली त्यांच्यात सुमारे पाच वर्षांचे अंतर पडले. सिरॅक्यूज विद्यापीठातील जेनिफर कारास माँटेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली १९७० ते २०१४ या काळातील राज्यांची धोरणे आणि आयुर्मान यांची सांगड घालून असा अंदाज मांडला की, सर्व राज्यांनी उदारमतवादी धोरणे स्वीकारली असती तर अमेरिकेतील आयुर्मान दोन वर्षांहून अधिक वाढले असते. येथे त्यांनी मतपेटी न मोजता कायदे मोजले: तंबाखूवरचे निर्बंध, कामगारांचे संरक्षण, पर्यावरणाचे नियम. मला ही पद्धत अधिक पटते. एक मर्यादा मात्र उरतेच, कारण एका प्रकारचे कायदे करणारे राज्य दुसऱ्या प्रकारचेही करते आणि नेमका गुण कोणत्या कायद्याचा हे वेगळे काढणे अवघड जाते.

तो गुण वेगळा काढण्याचा एक उपाय म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना पाहणे. १९९२ साली न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते तसेच ठेवले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेलगतची झटपट खाद्यपदार्थांची उपाहारगृहे तपासली, तेव्हा रोजगार घटल्याचे आढळले नाही. कोकणात अशी सीमा शोधायची तर ती तेरेखोलच्या खाडीवर सापडते. एका काठावर सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा आणि सातार्डा, दुसऱ्या काठावर गोव्यातील पेडणे तालुका. पाऊस तोच, माडाच्या बागा त्याच, सोयरिकीही आरपार. शाळा, रस्ते आणि मजुरी यांवर दोन सरकारांच्या धोरणांचा काय परिणाम झाला, हे येथे बऱ्यापैकी तपासता येईल. आरोग्याच्या बाबतीत मात्र ही सीमा झिरपते: अलीकडचा रुग्णही पलीकडच्याच बांबोळीला जातो, त्यामुळे गोव्याच्या आरोग्यसेवेचा लाभ दोन्ही काठांना मिळतो आणि दोन काठांमधील फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. हा लाभ हिशेबात घ्यायचा असेल, तर रुग्णालयाच्या नोंदवहीतील राहत्या पत्त्याचा रकाना मृत्यूच्या दाखल्याशी जोडून पाहावा लागेल.