भजन की कीर्तन? दहा-बारा जणांच्या उपासनेसाठी

"बुधवारी आमच्या घरी कीर्तन आहे, या," असा निरोप येतो. जाऊन बघावं तर भजनं चालू असतात. उलटंही घडतं. भजनाला म्हणून बोलावतात, आणि एकच जण पाऊण तास बोलतो, मधेमधे गातो, बाकीचे भिंतीला टेकून ऐकतात. मराठवाड्यातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे दोन शब्द इतके सैल झालेत की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मोठ्या चर्चमध्ये त्यानं फारसं बिघडतही नाही. पण पत्र्याच्या खोलीत दहा-बारा जण जमतात, तिथं दोन्हीपैकी काय धरलं यावर त्या संध्याकाळी किती तोंडं उघडणार हे ठरतं.

भजनात पुढचा माणूस ओळ देतो आणि बाकीचे ती घेतात. धृपद फिरून फिरून येतं, त्यामुळं ज्याला वाचता येत नाही तोही तिसऱ्या फेरीला गायला लागतो. कीर्तनकार मात्र उभा असतो. पूर्वरंगात तो एखाद्या पदावर निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. मागचे टाळकरी धृपद उचलतात, श्रोते ऐकतात. म्हणजे भजनात गाणं सगळ्यांचं, कीर्तनात गोष्ट एकाची.

पवित्र शास्त्रातच दोन्हींचे नमुने आहेत. स्तोत्र 136 उघडा. 26 ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच: त्याची दया सनातन आहे. ते भजनच आहे, फक्त चाल लावायची राहिली. लूकच्या 15व्या अध्यायातला उधळा पुत्र मात्र आख्यान आहे. तिथं बाप आहे, दोन लेक आहेत (वाटणी उधळून परत येणारा धाकटा, आणि त्याच्या स्वागतावर रुसणारा थोरला), डुकरांच्या शेंगा आहेत. ती गोष्ट कुणीतरी रंगवून सांगावी लागते.

टाळ-मृदंग बघून आपल्यातली काही जुनी माणसं अजून नाक मुरडतात, "हे आपलं नाही" म्हणतात. त्यांना एवढंच सांगावं की अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं करत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तावर अभंग रचले, आणि 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक हातात घेतलं की त्यांची गीतं पानापानाला भेटतात. इकडं जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तीही त्याच शतकात. शिवाय आपले कान कुठं तयार झाले? गावच्या सप्ताहाच्या मांडवाबाहेर उभं राहूनच की! एकनाथांचं पैठण आणि नामदेवांची नर्सी याच मुलखात. ठेका कानात आधीपासून आहे, तो लोकांना शिकवावा लागत नाही.

छोट्या संगतीत, म्हणजे घरी जमणाऱ्या उपासनेच्या गटात, माझं मत भजनाच्या बाजूनं आहे, आणि ते चूक करून झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी नऊ जणांसमोर मी पूर्ण कीर्तन उभं केलं. नमन, निरूपण, आख्यान, सगळं. टाळकरी नव्हतेच, म्हणून धृपदही मीच गायलो. दहा बाय बाराच्या खोलीत डोक्याला पंखा लागतो की काय असा उभा होतो. अर्ध्या तासानं एका मावशीनं हळूच उठून चहाचं आधण ठेवलं. मी समजायचं ते समजलो.

भजन चालवणाऱ्याची पहिली परीक्षा सूर कुठं धरतो यात असते. स्वतःला छान वाटतो तो सूर बहुतेक वेळा उंच असतो. पेटीवर एक-दोन पट्ट्या उतरा. कोपऱ्यातल्या आजीचा आवाज पोचतो तिथं थांबा. ओळ दोनदा द्या, मग स्वतः गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, विशेषतः आवाज चांगला असेल तर.

आता नावीन्य. लोक त्यासाठी मोबाईलवर नवी गाणी शोधतात. त्यापेक्षा संगतीलाच अभंग रचू द्या. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. एका वर्षी कुंडलिका नदीला उशिरा पाणी आलं, तेव्हा साक्षीच्या वेळी (देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं सांगायचं असतं तेव्हा) सगळे पावसाबद्दलच बोलत होते. बोटं मोजत मोजत अर्ध्या तासात हे जमलं:

कोरड्या नदीला । आले तुझे पाणी ।
विसरू ना कोणी । दया तुझी ।।

काव्य म्हणून कुणी नावाजणार नाही. पण भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ते चपखल बसलं, आणि 'दया तुझी' म्हणायला पोरंसुद्धा सरसावली. पुढच्या बुधवारी तिघींनी आपापलं कडवं घरूनच करून आणलं.

मग कीर्तन टाकून द्यायचं का? नाही. नाताळात अंगणात शेजारपाजारचे येतात, त्यांना ना गीत माहीत ना गोष्ट. त्यांना 'माझ्या मागं म्हणा' म्हटलं तर ती अवघडतात. तिथं गोष्ट सांगणाराच हवा. फक्त कीर्तन कापून घ्या: वीस मिनिटं, येशूनं सांगितलेला एकच दाखला, एकच धृपद, आणि ते संगतीतल्या चौघांना आधी बसवून द्या म्हणजे टाळकऱ्यांची जागा रिकामी राहत नाही. ऊसतोडीला गेलेली घरं परतली नसतील तर चौघंही मिळत नाहीत. मग नुसती भजनं घ्या.

असंच एकदा अंगणात उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं होतं. थोरला भाऊ रागानं दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय, तिथं मी थांबलो. शास्त्रही तिथंच थांबतं. मागं बसलेल्या एका आजीनं मोठ्यानं विचारलं, "मंग तो आत गेला का न्हाई?" समारोपाचं पद माझ्या जिभेवर तयार होतं. पण मी तोंड उघडायच्या आत आजीच्या सुनेनं टाळ उचलले आणि सगळ्या अंगणानं तिच्यामागून धृपद धरलं. मी खाली बसलो.