जडत्वाचं कोडं आणि इंधनाविना इंजिनं

पुण्यात आयुका या खगोलसंस्थेच्या आवारात फूकोचा लंबक आहे. जरा वेळ काढून पाहत राहिलं, तर झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. वळते खरं तर खालची जमीन. पुण्याच्या अक्षांशावर हा फेरा पुरा व्हायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. आता गंमत अशी, की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग या लंबकावरून काढा, नाहीतर ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून. उत्तर एकच येतं. छपराखाली टांगलेल्या गोळ्याला दूरच्या ताऱ्यांची खबर लागते कशी?

न्यूटनने १६८७ मध्ये याचं उत्तर बादलीतून काढलं होतं. दोरीला पीळ देऊन पाण्याची बादली सोडली, की आधी फक्त बादली फिरते आणि पाणी सपाट राहतं. मग पाणीही फिरू लागतं, कडांवर चढतं, मध्ये खळगा पडतो. म्हणजे पाणी फिरतंय ते बादलीच्या नव्हे, निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात, असं त्याचं म्हणणं. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखला ते पटलं नाही. बादलीची भिंत कित्येक कोस जाड केली तर पाणी कसं वागेल हे कोण सांगणार, असा सवाल त्याने १८८३ मध्ये केला. वस्तूचं जडत्व, म्हणजे गती बदलायला तिचा असलेला विरोध, विश्वातल्या बाकीच्या द्रव्यामुळे येतं, या कल्पनेला आइन्स्टाइनने पुढे ‘माखचं तत्त्व’ असं नाव दिलं. पण त्याच्याच सापेक्षतेत ते पुरतं बसलं नाही.

ती उणीव भरायचा प्रयत्न डेनिस शिआमाने १९५३ मध्ये केला, आणि १९६४ मध्ये फ्रेड हॉईल व जयंत नारळीकर यांनी. हॉईल-नारळीकर सिद्धांतात कणाचं वस्तुमान त्याचं स्वतःचं नसतं, इतर सगळ्या कणांकडून येतं. विश्व रिकामं करून एकच कण ठेवला, तर त्याला वस्तुमानच उरणार नाही.

अंतराळप्रवासवाल्यांचे कान इथे टवकारले. रॉकेट पुढे जायचं तर काहीतरी मागे फेकावं लागतं, आणि फेकायचा साठा संपतो. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने चाललंय. त्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरचा, सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा गाठायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. जडत्वच कमी-जास्त करता आलं तर? कॅलिफोर्नियातल्या जेम्स वुडवर्डची युक्ती ऐकायला सोपी आहे: विजेने थरथरणाऱ्या स्फटिकांच्या चळतीचं वस्तुमान क्षणोक्षणी किंचित बदलतं असं धरा. जड असताना ढकला, हलकी असताना ओढा. त्यांच्या सहकारी हायडी फर्न यांनी गणितासाठी हॉईल-नारळीकर सिद्धांताचाच आधार घेतला. म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाचं समीकरण थेट इंजिनापर्यंत पोचलं. नासाने २०१७ आणि २०१८ मध्ये या कामाला पैसेही दिले.

दुसरी वाट निर्वात पोकळीतून जाते. हाइश, रुएडा आणि पुथॉफ यांनी १९९४ मध्ये जडत्वाचा उगम, सगळं काढून घेतल्यावरही पोकळीत उरणाऱ्या किमान ऊर्जेच्या क्षेत्रात शोधला. प्लिमथच्या माइक मॅककलकने २००७ पासून ‘पुंजित जडत्व’ मांडलं: त्वरणामुळे जाणवणाऱ्या प्रारणाच्या लहरी विश्वाच्या आकारात मावतील तेवढ्याच उरतात, आणि त्यातून जडत्व घडतं. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. मलाही त्यातली उडी फार लांबची वाटते. तरी अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेने २०१८ मध्ये १३ लाख डॉलर दिले.

मोजमापाचं काय? ड्रेस्डेनच्या मार्टिन टायमारने हे दावे तराजूवर घेतले. काहीही मागे न फेकता रेटा देतं असा दावा असलेल्या, सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या ‘एमड्राइव्ह’ इंजिनामध्ये त्याच्या गटाने शक्ती जवळजवळ पोचूच दिली नाही, तरी ‘रेटा’ तेवढाच दिसला. संशय तारांवर गेला: त्यांतला प्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकत्व. २०२१ मध्ये अधिक काटेकोर मांडणीत रेटा नाहीसा झाला. वुडवर्डच्या यंत्रात जे दिसत होतं, ते कंपनांचं निघालं.

पुंजित जडत्वावर बेतलेलं एक इंजिन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बॅरी-१ या छोट्या उपग्रहातून कक्षेत गेलं. उपग्रहाच्या वीजपुरवठ्यातच बिघाड होत राहिला, आणि फेब्रुवारीत संपर्क तुटला. इंजिन चालू करायची वेळच आली नाही.