लेवी आणि याजक: घराणं एक, अधिकार वेगळे

बायबलच्या वर्गात, प्रवचनात, प्रश्नमंजूषेत एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे: ‘लेवीचे वंशज म्हणजे याजक.’ लेवी हा इस्राएलाच्या बारा वंशांपैकी एकाचा मूळपुरुष, त्याच्या वंशातल्या माणसालाही लेवीच म्हणतात; आणि याजक म्हणजे वेदीवर अर्पणं वाहणारा पुरोहित. वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून कुणी अडवत नाही. पण ते चूक आहे, आणि या चुकीमुळे गणना, इतिहास, एज्रा अशी बायबलमधली पुस्तकंच्या पुस्तकं धूसर होऊन जातात. कोरहानं बंड का केलं, उज्जा का मेला, येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी असे दोघं कशाला हवेत, यांतलं काहीच नीट उलगडत नाही.

नियम एका ओळीचा आहे. प्रत्येक याजक लेवी असतो, पण प्रत्येक लेवी याजक नसतो. याजकपण लेवीच्या सगळ्या वंशाला मिळालं नाही. त्या वंशातल्या एका माणसाला, अहरोनाला, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलांना मिळालं.

वंशावळ बहुतेकांना पाठ असते, म्हणून भरभर सांगतो. याकोबाला लेआपासून झालेला तिसरा मुलगा लेवी. त्याचे मुलगे तीन: गेर्षोन, कहाथ आणि मरारी. कहाथाचा मुलगा अम्राम, आणि अम्राम व योखबेद यांची मुलं मिर्याम, अहरोन आणि मोशे. अहरोनाचे मुलगे चार: नादाब, अबीहू, एलाजार, इथामार. पहिले दोघं देवानं न सांगितलेला, परका अग्नी देवापुढे नेल्यामुळे निपुत्रिक मेले. त्यामुळे पुढचे सगळे याजक एलाजार आणि इथामार या दोघांच्याच पोटचे. दावीद राजाच्या काळी याजकांचे २४ वर्ग पाडले गेले, त्यांतले १६ एलाजाराच्या घराण्याचे आणि ८ इथामाराच्या.

आता मोशेकडे पाहा, कारण इथेच पहिली ठेच लागते. मोशे अहरोनाचा सख्खा भाऊ. अहरोनाचा याजक म्हणून अभिषेक त्यानंच केला, त्या सोहळ्याच्या सात दिवसांत वेदीवर रक्तही त्यानंच लावलं, आणि एका स्तोत्रात त्याचं नाव याजकांच्या जोडीनं येतं. एवढ्यावरून मोशेला याजक ठरवून मोकळे होणारे पुष्कळ. पण पहिल्या इतिहासाचा २३ वा अध्याय उघडा. अहरोन आणि त्याचे मुलगे धूप जाळायला आणि आशीर्वाद द्यायला कायमचे वेगळे काढले गेले, असं तिथे म्हटलं आहे, आणि पुढच्याच वचनात मोशेच्या मुलांची गणती साध्या लेव्यांत केली आहे. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या माणसाचे नातू-पणतू वेदीपाशी जाऊ शकत नव्हते, आणि त्याच्या भावाचे नातू-पणतू जाऊ शकत होते. हे मनात पक्कं बसलं की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेला अर्धा मिटवायला मी नेहमी गणनेचा चौथा अध्याय वाचायला सांगतो. लोक तो रुक्ष म्हणून ओलांडतात. माझ्या मते हा सगळा विषय समजावणारा याहून चांगला अध्याय दुसरा नाही.

वाळवंटातल्या इस्राएलांची छावणी हलायची आहे, निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उतरवायचा आहे. आधी आत जातात ते फक्त अहरोन आणि त्याचे मुलगे. मधला पडदा तेच उतरवतात आणि त्यानंच कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, झाकतात. त्यावर कातड्याचं आच्छादन, आणि सगळ्यांत वर संपूर्ण निळं कापड. समर्पित भाकरीच्या मेजावर निळं कापड, त्यावरची भांडी आणि भाकरी तशाच ठेवून वरून किरमिजी कापड, मग कातडं. दीपवृक्ष, त्याचे दिवे, चिमटे, तेलाची भांडी, सगळं निळ्या कापडात गुंडाळून कातड्यात. वेदीतली राख काढून तिच्यावर जांभळं कापड. बाकी प्रत्येक वस्तूवर कातडं बाहेरच्या बाजूला, एकट्या कोशावर निळं कापड बाहेर. वाळवंटातून चाललेल्या एवढ्या मोठ्या काफिल्यात कोश कोणता, हे दुरूनही ओळखू यावं. मग दांडे बसवायचे.

हे सगळं आटोपल्यावरच कहाथाच्या वंशजांना आत बोलवायचं. त्यांनी खांद्यावर उचलायचं. पवित्र वस्तूंना हात लावायचा नाही, आणि झाकण्याआधी क्षणभरसुद्धा त्या पाहायच्या नाहीत, नाहीतर मरण. कोणी कोणतं ओझं उचलायचं हेही अहरोन आणि त्याच्या मुलांनीच नेमून द्यायचं.

झाकतो तो याजक, उचलतो तो लेवी. आणि हे उचलणारे कोणी परके नव्हेत, अहरोनाचे चुलतभाऊ आणि पुतणे आहेत! एकाच आजोबांची नातवंडं. जन्मभर खांद्यावर जे वाहिलं ते उघडं कसं दिसतं, हे त्यांना कधीच कळायचं नाही.

गेर्षोनाच्या वंशजांकडे पडदे आणि आच्छादनं, मरारीच्या वंशजांकडे फळ्या, खांब, बैठका. गेर्षोन्यांना २ गाड्या आणि ४ बैल मिळाले, मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथींना एकही गाडी नाही, कारण त्यांचं काम खांद्यावरचंच. पुढे दाविदानं कोश यरुशलेमेला आणायला काढला तो नव्या कोऱ्या गाडीवर चढवून. बैल अडखळले, उज्जानं कोश सावरायला हात लावला आणि तो तिथल्या तिथे मेला. ‘बिचाऱ्यानं मदतच केली ना,’ असं म्हणून लोक देवाच्या न्यायावर चर्चा करत बसतात, आणि तो कोश गाडीवर चढलाच कसा हे विचारत नाहीत. दाविदानं मात्र विचारलं. दुसऱ्या खेपेला त्यानं लेव्यांना बोलावलं, आणि कोश दांड्यांनी खांद्यावरूनच आला.

इथे जाणकार एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. यार्देन नदी ओलांडताना कोश याजकांच्या खांद्यावर होता, शलमोनाच्या मंदिरात तो आत नेला तेव्हाही याजकच होते. मग काम वाटलेलं कुठे राहिलं? उत्तर सोपं आहे. अहरोनही कहाथाचाच नातू, त्यामुळे याजकानं लेव्याचं काम केलं तर मर्यादा मोडत नाही. उलट दिशेनं मात्र वाट बंद. हिज्कीया राजाच्या काळात हे स्वच्छ दिसतं. होमबली इतके आले आणि याजक इतके थोडे की जनावरांची कातडी सोलायला लेवी धावून आले. वल्हांडण सणाच्या वेळी तर कोकरंही लेव्यांनीच कापली. पण रक्त? ते लेव्यांच्या हातून याजकांच्या हाती गेलं, आणि शिंपडलं याजकांनी. एवढ्या धांदलीतही ती एक कृती लेव्यांकडे गेली नाही.

कोरहाचं बंडही आता वाचा. तो इसहाराचा मुलगा, इसहार अम्रामाचा भाऊ, म्हणजे कोरह हा मोशे-अहरोनाचा चुलतभाऊ आणि पक्का कहाथी. ‘लोकांनी मोशेच्या नेतृत्वाविरुद्ध उठाव केला’ असं या कथेचं मोघम सार सांगतात, ते मला पटत नाही. त्याचे साथीदार दाथान आणि अबीराम यांचं गाऱ्हाणं तसं असेल. कोरहाचं दुखणं घरातलं होतं. मोशे त्याला थेट विचारतो: देवानं तुम्हा लेवीच्या वंशजांना जवळ घेतलं, सेवा दिली, ते तुम्हाला थोडं वाटतं, आता याजकपणही हवं? कसोटीही त्याच मुद्द्यावर लागली. २५० जण धुपाटणी घेऊन आले, कारण धूप जाळणं हे याजकाचं काम. ते सगळे अग्नीत भस्म झाले. नंतर बारा वंशांच्या बारा काठ्या ठेवल्या, तेव्हा लेवीच्या काठीवर नाव होतं अहरोनाचं, आणि बदामाची फुलं तिलाच आली.

कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत, हे एक वचन हमखास निसटतं. त्यांच्याच वंशात शमुवेल झाला, शमुवेलाचा नातू हेमान दाविदाच्या गायकांचा प्रमुख झाला, आणि कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर आज कोरहपुत्रांचं नाव आहे. ज्या घराण्यानं धुपाटणं मागितलं त्याच्या वाट्याला गाणं आणि दारावरचा पहारा आला. म्हणून एखाद्या मंडळीतल्या गायकवृंदाला कोणी ‘आमचे लेवी’ म्हटलं तर ते मला आवडतं, त्याला शास्त्रात आधार आहे. पाळकांना ‘लेवी’ म्हणून त्यांच्यावर अहरोनाचे सगळे अधिकार चढवतात, तेव्हा मात्र मला राहवत नाही.

उत्पन्नाची वाटणी लहान गोष्ट आहे, पण उदाहरणानं चटकन कळते. शेतकऱ्याकडे १०० पोती धान्य झालं तर १० पोती लेव्यांना. त्या १० मधलं १ पोतं लेव्यांनी याजकाला द्यायचं, तेही निवडून, चांगल्यातलं. तेव्हा ‘दशमांश याजकांना मिळे’ हे वाक्य अर्धवट आहे. याजकांना मिळे तो दशमांशाचा दशमांश, आणि शिवाय अर्पणांतले ठरलेले भाग. जमिनीचा वाटा दोघांनाही नाही. ४८ नगरं लेवीच्या वंशाला मिळाली, त्यांतली १३ अहरोनाच्या वंशजांची. वयाची अट, वस्त्रं, लग्नाचे निर्बंध हे भेद आहेतच, पण त्यांनी कुणी अडखळत नाही.

लोक गोंधळतात त्याला थोडाफार दोष मजकुराचाही आहे. ‘लेवीय’ नावाचं पुस्तक जवळजवळ सगळं याजकांच्या कामाचं. लेव्यांचा उल्लेख त्यात २५ व्या अध्यायात, त्यांच्या नगरांतल्या घरांच्या संदर्भात तेवढा येतो. नावावरून त्यात लेव्यांचे नियम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, ते गणनेत आहेत. दुसरीकडे अनुवाद नावाच्या पुस्तकात ‘लेवीय याजक’ असा जोडशब्द सारखा येतो, आणि तिथे गणनेतली रेघ तितकी ठळक दिसत नाही. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात, की आधी याजकपण लेव्यांत अधिक मोकळं होतं आणि पुढे ते आवळत गेलं. शास्ते या पुस्तकात मीखा नावाचा माणूस बेथलेहेमाहून आलेल्या एका लेव्याला वर्षाला १० रुपे (चांदीचे तुकडे), कपडे आणि जेवण यांवर घरचा याजक म्हणून ठेवतो आणि ‘आता देव माझं भलं करील’ म्हणतो, यावरूनही लोकांच्या मनात लेव्याला केवढा मान होता ते दिसतं. हा वाद अभ्यासण्यासारखा आहे. पण पुढच्या काळाबद्दल वाद नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची एज्राच्या दुसऱ्या अध्यायातली यादी पाहा: याजक ४,२८९ आणि लेवी अवघे ७४. दोघं एकच असते तर दोन आकडे कशाला? पुढे एज्रा स्वतः यरुशलेमेकडे निघाला तेव्हा अहवा नदीकाठी त्यानं लोक पाहिले, याजक होते, लेवी एकही नव्हता. तिथेच थांबून त्यानं माणसं धाडून लेवी मागवून घेतले.

नव्या करारातही ही रेघ तशीच आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातला याजक, म्हणून चिठ्ठी निघाल्यावर तो धूप जाळायला आत जाऊ शकला. पौलाचा सोबती बर्णबा हा कुप्राचा (सायप्रसचा) लेवी, त्याला तिथे पाऊल टाकता आलं नसतं. योहानाची आई अलीशिबा अहरोनाच्या कुळातली आणि येशूची आई मरीया हिची नातलग, एवढ्या धाग्यावरून येशूला लेवीच्या वंशात बसवणारेही भेटतात. वंश बापाकडून मोजत, आणि इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे, की आपला प्रभू यहूदाच्या वंशातला, ज्या वंशाविषयी मोशे याजकपणाबद्दल काहीच बोलला नाही. त्याचं याजकपण अहरोनाच्याही आधीच्या मलकीसदेक या याजक-राजाच्या परंपरेतलं आहे, ही त्या पत्राची सगळी मांडणीच यावर उभी आहे. येशू लेवी असता तर तिची गरजच पडली नसती.

आणि शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक माणूस वाटेत पडला आहे. यहूदी समाजाची उतरंड तीन पायऱ्यांची: याजक, लेवी, इतर इस्राएली. वाटेनं याजक जातो, मग लेवी जातो. ऐकणाऱ्यांना आता तिसरा आपल्यातलाच साधा इस्राएली येईल असं वाटत असणार. त्या जागी शोमरोनी येतो, यहूद्यांना नकोशा शेजाऱ्यांतला, आणि तोच मदत करतो. याजक आणि लेवी एकच समजणाऱ्याला हा धक्का बसतच नाही. त्याला वाटतं, दोन धर्मगुरू गेले, तिसरा परका आला.

ही उतरंड यहूदी लोकांत आजही पाळली जाते. पारंपरिक सभास्थानात तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचायला पहिला मान कोहेनचा, म्हणजे याजकवंशीयाचा, दुसरा लेवीचा, मग इतरांचा. आशीर्वाद द्यायला कोहेन उभे राहतात, आणि त्याआधी त्यांच्या हातांवर पाणी घालतात ते लेवी. म्हणून जुन्या थडग्यांवर आशीर्वादाचे दोन हात कोरलेले दिसले तर तिथे कोहेन निजला आहे, पाण्याची झारी असेल तर लेवी. आडनाव कोहेन किंवा लेवी असेल तर सहसा अंदाज बांधता येतो, पण आडनावावर सगळा भरवसा ठेवू नये. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहूद्यांचंच पाहा: पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली आडनावं. ती माणूस कुठल्या गावचा ते सांगतात, अहरोनाचा की नुसता लेवीचा की दोन्हींपैकी कुणाचाच नाही, याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत.