व्हेर्रिओ, आंतोन्यो

(सु. १६३६ – १५ जून १७०७). इटलीत जन्मलेला आणि आयुष्याची अखेरची सुमारे ३५ वर्षे इंग्लंडमध्ये काढलेला बरोक (१७व्या शतकातील भव्य, नाट्यमय) शैलीतील भित्तिचित्रकार. राजवाडे व उमरावांच्या प्रासादांतील छते, जिने आणि दालने सलग रंगविण्याची यूरोप खंडातील पद्धत इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर रुजली ती त्याच्यामुळे. त्यापूर्वी फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने लंडनच्या बँक्वेटिंग हाउसच्या छतासाठी केलेली चित्रे होती. पण ती अँटवर्पमध्ये कापडावर रंगवून आणलेली व छताच्या चौकटींत बसविलेली होती. व्हेर्रिओने चौकट मोडली आणि छत व भिंत यांचे एकच चित्र केले.

त्याचा जन्म दक्षिण इटलीतील लेच्चे येथे झाला. जुन्या कोशांत जन्मवर्ष १६३९ असे आढळते. अलीकडील अभ्यासक ते दोन-तीन वर्षे मागे नेतात व येथे तेच ग्राह्य धरले आहे. लेच्चे व नेपल्स येथे काही काळ काम केल्यावर तो फ्रान्समध्ये गेला. तूलूझमध्ये त्याने चर्चसाठी चित्रे काढली आणि १६७० च्या सुमारास तो पॅरिसमध्ये होता.

तो इंग्लंडला का आला, याविषयी दोन मते आहेत. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १८व्या शतकात नोंदविलेल्या हकिगतीनुसार मॉर्टलेक येथील चित्रजवनिकांचा (विणलेल्या चित्रपडद्यांचा) कारखाना पुन्हा सुरू करावा, या हेतूने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने त्याला बोलावले व नंतर बेत बदलून विंझरच्या राजकिल्ल्याचे काम दिले. दुसऱ्या मतानुसार पॅरिसमधील इंग्रज राजदूत राल्फ माँटेग्यू याने त्याला १६७२ मध्ये आणविले. पहिली कामे राजाकडची नसून आर्लिंग्टनच्या अर्लसारख्या दरबारी मंडळींकडची आहेत, हे पाहता दुसरे मत अधिक पटते. राजाच्या नजरेत तो या घरांमधून भरला असावा.

आर्लिंग्टनच्या यूस्टन हॉलमधील चित्रे जॉन एव्हलिनने १६७७ मध्ये पाहिली आणि आपल्या दैनंदिनीत त्यांना ‘फ्रेस्को’ म्हटले. हा शब्द पुढे व्हेर्रिओच्या सगळ्याच कामाला चिकटला, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालविलेले रंग लावतात. गिलावा वाळताना रंग त्यातच पक्के होतात. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा रोज लिंपावा लागतो आणि चुकले तर तो खरवडून काढावा लागतो. व्हेर्रिओचे इंग्लंडमधील उपलब्ध काम मुख्यतः वाळलेल्या गिलाव्यावर तैलरंगांनी केलेले आहे. दमट हवेत चुना लवकर वाळत नाही, हे त्याचे एक कारण दिले जाते. दुसरे कारण कामाच्या व्यवस्थेत शोधावे लागते. तैलरंगात हात थांबविता येतो, दुरुस्ती करता येते आणि आकाश, खांब, फुलांच्या माळा असे भाग वेगवेगळ्या मदतनिसांकडे सोपविता येतात. मात्र भिंतीत ओल उतरली की तैलरंगाचे पापुद्रे सुटतात आणि कालांतराने आकाशाची निळाई पिवळट-तपकिरी पडते. आज अनेकांना ही छते काळवंडलेली दिसतात, त्यातला काही दोष माध्यमाचा आहे.

विंझरच्या किल्ल्यात वास्तुकार ह्यू मे याच्या देखरेखीखाली त्याने सु. १६७५ ते १६८४ या काळात राजा-राणीची दालने, सेंट जॉर्ज हॉल व राजाचे प्रार्थनागृह रंगविले. लाकडी कोरीवकाम ग्रिनलिंग गिबन्झचे होते. वॉलपोलने छापलेल्या हिशेबाप्रमाणे व्हेर्रिओला येथे सुमारे ७,००० पौंड मिळाले. परका आणि कॅथलिक असूनही त्याला हे स्थान लाभले ते राजाश्रयामुळेच. म्हणून १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला पळून जावे लागताच त्याचे दरबारी कामही थांबले. नव्या राजासाठी (तिसरा विल्यम) काम करण्यास त्याने अनेक वर्षे नकार दिला, असे सांगतात.

या काळात त्याला प्रासादांनी जगविले. चॅट्सवर्थ या प्रासादाच्या प्रार्थनागृहातील संशयी थॉमसचे (ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयी शंका घेणाऱ्या शिष्याचे) चित्र त्याच्या उत्तम कामांत गणले जाते. तेथील एका छतावर आयुष्याचा धागा कात्रीने तोडणाऱ्या देवतेला त्याने, आपले ज्या कारभारणीशी पटत नसे तिचा, चेहरा दिला अशी समजूत आहे. एक्सेटरच्या अर्लकडे, बर्ली हाउसमध्ये, तो सु. १६८६ पासून सुमारे दहा वर्षे राबला. तेथील ‘स्वर्गदालन’ हे त्याचे सर्वांत मोठे यश. रोमन लोहारदेव व्हल्कनने आपली पत्नी व्हीनस व तिचा प्रियकर मार्स यांना जाळ्यात पकडले आहे आणि देवांचा मेळा ते पाहायला लोटला आहे, असा प्रसंग. रंगविलेले खांब खऱ्या भिंतीपुढे उभे असल्याचा भास होतो. देहांचे लोट छतावरून खांबांवर उतरतात. भट्टीपाशी सायक्लॉप्सांमध्ये (एकडोळ्या राक्षसांमध्ये) एक टकला माणूस बसला आहे. तो व्हेर्रिओ. विंझरच्या प्रार्थनागृहात मात्र ख्रिस्त रोग्यांना बरे करीत असताना केसांचा लांब टोप घालून चित्रकार गॉडफ्री नेलरच्या सोबतीला उभा राहिलेलाही तोच होता. बर्लीतील स्वर्गदालनाशेजारच्या ‘नरकजिन्या’चे फक्त छत त्याचे आहे; भिंती टॉमस स्टॉथर्डने सुमारे शंभर वर्षांनी रंगविल्या.

अखेर तो हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याकडे वळला. तेथील राजाच्या जिन्यावरील (सु. १७०१-०२) रोमन सम्राटांचा घोळका दीर्घकाळ निरर्थक मानला जाई. कला-इतिहासकार एडगर विंट याने रोमन सम्राट ज्यूलियनच्या उपहासिकेशी त्याचा संबंध जोडला. त्यानुसार सीझरांवर मात करणारा अलेक्झांडर म्हणजे तिसरा विल्यम. हा उलगडा आता सामान्यतः मानला जातो. न आवडत्या राजासाठी व्हेर्रिओने हे काम मुद्दाम वाईट केले, हा वॉलपोलचा तर्क मात्र टिकत नाही. वाढते वय व अधू होत चाललेली दृष्टी एवढे कारण पुरेसे आहे. राणी ॲनने त्याला वर्षाला २०० पौंड निवृत्तिवेतन दिले. हॅम्प्टन कोर्ट येथेच तो निधन पावला.

कवी अलेक्झांडर पोपने त्याच्या व भित्तिचित्रकार लुई लागेरच्या लोळणाऱ्या संतांची खिल्ली उडविली आणि तेच मत रूढ झाले. रेखाटनात व्हेर्रिओ कच्चा होता, हे खरे. पण गिलावेवाले, सोनेरी वर्ख लावणारे, कोरक्ये आणि रंगारी यांच्या मेळातून घडलेल्या दालनाची पारख एखाद्या सुट्या चित्राच्या कसोटीवर करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. लागेरने इंग्लंडमध्ये आल्यावर आरंभी त्याच्याच हाताखाली काम केले होते.

विंझरमधील बहुतेक चित्रे चौथ्या जॉर्जच्या काळातील फेरबांधणीत नष्ट झाली. तीन छते उरली आहेत : राजाची भोजनशाला, राणीचे दर्शनदालन व राणीचे भेटदालन. सेंट जॉर्ज हॉल आणि प्रार्थनागृह कसे होते, हे चार्ल्स वाइल्डने त्यापूर्वी केलेल्या जलरंगचित्रांवरून कळते.