आतून कसलेली कंबर

पोतं पाठीवर घेण्याआधी हमाल कमरेभोवती कापड घट्ट आवळून घेतो. 'कंबर कसणे' हे शब्द आपण निर्धारासाठी वापरतो, पण मला त्यात शरीराची एक नेमकी जाण दिसते. ओझं आल्यावर कंबर बांधून उपयोग नाही, ती आधी बांधलेली हवी. पाठदुखीवर पिलाटीज हा व्यायामप्रकार का उपयोगी पडतो, हे समजायचं तर या 'आधी'पासूनच सुरुवात करायला हवी.

आपल्या प्रत्येकाच्या पोटात एक आतलं उपरणं असतंच. पोटाच्या स्नायूंचे थर एकावर एक असतात आणि त्यांतला सर्वांत आतला थर आडवा जातो. त्याला 'ट्रान्सव्हर्सस ॲबडॉमिनिस' म्हणतात. पाठीच्या बाजूने निघून तो पोटाला वेढा घालतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, मागे मणक्या-मणक्यांना जोडणारा मल्टिफिडस आणि भोवती हा आडवा पट्टा. या चौघांनी मिळून कमरेला आतून धरलेलं असतं.

धरण्याची गरज किती, हे येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून दिसलं. मृत्यूनंतर दान केलेल्या देहांतला कमरेचा कणा स्नायू काढून उभा ठेवला आणि वरून भार दिला. सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो वजनाइतक्या भाराला तो कणा कलला. जिवंत माणसाच्या कमरेवर नुसत्या उभं राहण्यानेही याच्या कित्येक पट भार येतो. म्हणजे हाडं आणि मणक्यांमधल्या गाद्या एकट्याने आपल्याला उभं ठेवत नाहीत. स्नायू आणि त्यांना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था ते काम करतात.

'वेळेवर' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उभ्या माणसाला खूण मिळताच झटकन हात उचलायला सांगायचं आणि कोणता स्नायू कधी जागा होतो ते मोजायचं. निरोगी माणसांमध्ये पोटाचा तो आडवा पट्टा हात हलण्याच्याही आधी आवळला जात होता. कंबरदुखी होऊन गेलेल्या माणसांमध्ये मात्र तो उशिरा जागा होत होता. ताकदीचा प्रश्नच नव्हता, चुकली होती ती वेळ.

याच विद्यापीठात ज्युली हाइड्स यांनी मल्टिफिडसकडे लक्ष दिलं. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांमध्ये दुखऱ्या बाजूचा हा स्नायू बारीक झालेला दिसला. दुखणं थांबलं, माणसं कामाला लागली, तरी तो आपोआप भरून आला नाही. ज्यांना तो नेमका वापरायचा व्यायाम शिकवला, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला. ज्यांना शिकवला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ८४ टक्के होतं. रुग्ण अवघे ३९ होते, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. पण आपल्या घरोघरचा अनुभव याच्याशी जुळतो. उसण भरते, शेक-मलम होतं, चार दिवसांत उतरते, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरते. मधल्या दिवसांत कोणी काही केलेलं नसतं, कारण दुखत नव्हतं.

पिलाटीज जन्माला आलं ते कंबरदुखीवरचा इलाज म्हणून नव्हे. जोसेफ पिलाटीज १८८३ मध्ये जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख इथे जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्यांना बेजार केलं होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं आणि पुढची वर्षं आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत गेली. अंथरुणाला खिळलेल्या सोबत्यांना हातपाय हलवता यावेत म्हणून त्यांनी खाटांना स्प्रिंगा जोडल्या, असं सांगतात. आज पिलाटीजच्या वर्गात दिसणारं सरकत्या पाटाचं यंत्र, रिफॉर्मर, त्याच जातीचं आहे. १९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले, पत्नी क्लारा यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये व्यायामशाळा चालवू लागले आणि शहरातले नर्तक दुखापतीनंतर त्यांच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. नियंत्रणाची विद्या. मला हे नाव आजच्या नावापेक्षा जास्त खरं वाटतं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पाठीचा कणा सरळ, सपाट असावा असं त्यांचं मत होतं, पण कमरेचा नैसर्गिक बाक भार पेलायला लागतोच. त्यांच्या मूळ व्यायामांपैकी कित्येकांत कणा पूर्ण गुंडाळून लोळायचं असतं आणि दुखऱ्या कमरेला ते झेपत नाही. आज फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात ते त्याचं सौम्य, बदललेलं रूप असतं.

ते कसं असतं? चटईवर उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. कंबर जमिनीत दाबू नका आणि फार उचलूही नका, मधल्या आरामाच्या जागी राहू द्या. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूंना फुलू द्या. सावकाश श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्या. लघवीची धार रोखताना तळाचे स्नायू जसे वर ओढले जातात, तेवढाच तो ताण. पूर्ण जोराच्या जेमतेम पाव हिस्सा. आता तो ताण न सोडता, श्वास न रोखता एक पाय जमिनीवरून वीतभर उचला. ओटीपोटाची दोन्ही हाडं स्थिर राहिली का? बहुतेकांची पहिल्या दिवशी राहत नाहीत. पाय उचलताना कंबर नकळत वळते किंवा वर उचलली जाते, आणि दिवसभर जिना चढताना, स्कूटरला किक मारताना हेच घडत असतं, हे तिथे पहिल्यांदा कळतं.

मग त्यावरच रचत जायचं. हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवायचा, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय असं समजून. सेतुबंधासनासारखी कंबर उचलायची, पण एकेक मणका सुटा करत वर आणि तसंच खाली. योगासनं करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक मला असा दिसतो की आसनात आपण बहुधा स्थितीत स्थिरावतो, तर पिलाटीजमध्ये कंबर स्थिर ठेवून हातपाय हलवत राहतो. रोजच्या कामांची रचना या दुसऱ्या प्रकाराची असते.

इथे एक गैरसमज पसरला आहे. पोट सतत आत ओढून धरलं की पाठ सुरक्षित राहते, असं अनेक वर्गांत सांगतात. हे चूक आहे. पाठदुखीची माणसं बरेचदा आधीच गरजेपेक्षा जास्त आखडलेली असतात. वाकायची भीती, वळायची भीती, श्वास धरून ठेवायची सवय. हमालसुद्धा काम झालं की कापड सोडतो. एका स्नायूची वेळ सुधारली म्हणूनच दुखणं कमी होतं का, याबद्दलही नंतर संशोधकांमध्ये वाद झाले आहेत. माझा कल असा आहे की सावकाश, लक्ष देऊन केलेल्या हालचालीतून मेंदूला 'हलायला हरकत नाही' हा भरवसा मिळतो, त्याचा वाटा मोठा असावा.

या भरवशाच्या आड एक वाक्य येतं: 'मणक्यात गॅप आलीय.' एमआरआयचा अहवाल हातात पडला की माणूस वाकणंच सोडतो. २०१५ मध्ये काहीही दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती. पुष्कळदा ती झीज म्हणजे केस पिकण्यासारखी असते.

पिलाटीजने किती फरक पडतो? अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. अगदी जुजबी उपचारांच्या तुलनेत पिलाटीजने दुखणं आणि अडचण दोन्ही कमी झाली. मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. पुढे २०२१ मध्ये व्यायामप्रकारांची आपसांत तुलना झाली, तेव्हा पिलाटीज वरच्या फळीत आलं. पण चालणंही कमी नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर चाचणी झाली. चालण्याचा क्रम आखून दिलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, न दिलेल्यांपैकी निम्म्यांचं ११२. वर्गाची फी परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. चटई आणि रोजची वीस मिनिटं, सोबत चालणं, एवढ्यावर बरंच साधतं. रिफॉर्मर असलाच पाहिजे असं नाही.

ज्यांनी सावध राहायचं, त्यांच्यात आपल्या घरातल्या साठीपुढच्या बायका पहिल्या. १९८४ मध्ये अमेरिकेत हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांना पुढच्या काळात नवा चेपा गेला, मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या. त्यामुळे आई किंवा सासूबाई वर्गाला जाणार असतील तर हाडांच्या घनतेचा अहवाल आधी शिक्षकाला दाखवा, आणि डोकं-खांदे उचलून कणा गुंडाळायचे प्रकार त्यांना देऊ नका असं स्पष्ट सांगा. पायात वाढती कमजोरी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतरचं दुखणं, यांपैकी काही असेल तर चटई गुंडाळून ठेवायची आणि आधी डॉक्टरकडे जायचं. पहिल्या तीन लक्षणांपैकी एकही दिसलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.