कॅनडाच्या मापाची रायफल: सीझेड ८५८ आणि आफ्टरमार्केट पार्ट्समागची पार्श्वभूमी

चेकोस्लोव्हाक आर्मीची जुनी डिझाइन, नळी मात्र मूळच्यापेक्षा जवळपास ९ सेंटिमीटर लांब, मॅगझिन दिसायला ३० गोळ्यांचं पण आत रिव्हेट मारून ५ वर अडवलेलं, आणि मालकाने हौसेने वरून रेलवाला हँडगार्ड (नळीभोवतीचं आवरण, त्यावर जोडण्या बसवायला खाचा), अमेरिकन एआर-१५ रायफलसारखा मागेपुढे सरकणारा दस्ता, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची दुर्बीण) असं सगळं चढवलेलं. २००५ नंतरच्या दहाएक वर्षांत कॅनडातल्या शूटिंग रेंजवर हे ध्यान सर्रास दिसायचं. सीझेड ८५८ टॅक्टिकल हे तिचं दुकानातलं नाव. ती अशी अर्धी कारखान्यात आणि अर्धी मालकाच्या टेबलावर का घडली हे समजायचं तर तिथल्या कायद्याच्या मागे जावं लागतं, पार्ट्सचे कॅटलॉग बघून काहीच कळत नाही.

खरं तर रायफलीत बदल करायची सवय कॅनडात फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ओंटारिओतल्या लाँग ब्रँचच्या कारखान्यात सुमारे ९ लाख ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्करी रायफली) बनल्या आणि युद्ध संपल्यावर अशा रायफली सरप्लसमध्ये स्वस्तात निघाल्या. शेतकऱ्यांनी, शिकाऱ्यांनी त्या घेतल्या, पुढचं लाकूड कापलं, संगिनीची जागा काढून टाकली, दुर्बीण बसवली, झाली मूस (तिकडचं मोठं हरीण) मारायची रायफल. पार्कर-हेलसारख्या ब्रिटिश कंपन्या तर अशा तासून हलक्या केलेल्या एनफिल्ड थेट विकायच्या. म्हणजे तेव्हा सगळी धडपड लष्करी वस्तूला शिकारी रूप द्यायची होती, पुढच्या पिढीने नेमकं उलटं केलं.

मधे १९८९ आलं. ६ डिसेंबरला माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये एका माणसाने रुगर मिनी-१४ रायफलने १४ बायकांना ठार मारलं, त्यात बहुतेक इंजिनियरिंगच्या विद्यार्थिनी. त्यानंतर १९९१ चा सी-१७ आणि १९९५ चा सी-६८ हे दोन मोठे कायदे आले आणि त्यांच्या आसपास निघालेल्या सरकारी आदेशांमधून आजची चौकट उभी राहिली. ही चौकट दोन पायांवर उभी आहे, एक पाय मापाचा आणि दुसरा नावाचा, आणि हे दोन पाय एका दिशेने चालतातच असं नाही. माप म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एकच गोळी, पण पुढची आपोआप भरते) सेंटरफायर (काडतुसाच्या मधोमध ठिणगी लागणारी) रायफलची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा कमी असली की ती 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे निर्बंधित, दस्ता दुमडून ६६० मिलिमीटरच्या आत आणून झाडता येत असेल तरी रिस्ट्रिक्टेड, आणि मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त ५ गोळ्या. नाव म्हणजे यादी: एके-४७ आणि तिचे सगळे प्रकार बंद, पण फिनलंडची व्हालमेट हंटर, जी आतून एकेच आहे, तिला यादीतच सूट दिलेली! आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) ज्या मिनी-१४ मुळे हे सगळं सुरू झालं ती २०२० पर्यंत शिकारी रायफल म्हणून खुशाल विकली जात होती.

रिस्ट्रिक्टेड आणि नॉन-रिस्ट्रिक्टेड हा फरक कागदावरचा वाटतो पण मालकाच्या दृष्टीने सगळं त्यातच आहे. रिस्ट्रिक्टेड असेल तर वेगळं लायसन्स, रजिस्ट्रेशन, आणि ठरलेल्या रेंजवरच झाडायची, तिथे न्यायलाही परवानगी लागते. नॉन-रिस्ट्रिक्टेड असेल तर सरकारी जंगलजमिनीत जिथे परवानगी आहे तिथे न्या, शिकारीला न्या, आणि २०१२ मध्ये लाँग गन रजिस्ट्री मोडीत निघाल्यावर नोंदणीही नाही (क्यूबेकने नंतर आपली वेगळी सुरू केली). त्यामुळे परदेशी कारखान्यांनी सरळ हिशोब केला की कॅनडासाठी नळी थोडी लांब करा, माल खपतो. इस्रायलच्या टाव्होर रायफलची कॅनडा आवृत्तीसुद्धा अशीच लांब नळीची होती. आपल्याकडे इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल आहे ना, लष्करी काडतूस सामान्यांच्या हातात नको या ब्रिटिशकालीन धोरणातून आलेलं बोअर, तीही कायद्याच्या साच्यातूनच निघालेली वस्तू.

आता सीझेड ८५८ कडे. मूळ रायफल व्हीझेड ५८, डिझायनर यिर्झी चेरमाक, चेकोस्लोव्हाकियाने १९५८ च्या सुमारास सैन्यात घेतली. लांबून बघितली तर कुणीही एके म्हणेल आणि काडतूसही तेच, ७.६२ बाय ३९. पण आत काहीच सारखं नाही. गॅस पिस्टन छोट्या धक्क्याचा, लॉकिंगला एकेसारखा फिरणारा बोल्ट नाही तर खालीवर होणारा तुकडा, हातोडीच्या जागी सरळ पुढे धावणारा स्ट्रायकर, आणि मॅगझिनसुद्धा एकेचं बसत नाही. वॉर्सा करारातल्या बाकीच्या सैन्यांनी एके घेतली, चेक लोक आपल्याच रायफलवर अडून राहिले, आणि त्या हट्टाचा फायदा जवळपास पन्नास वर्षांनी कॅनडातल्या ग्राहकाला झाला, कारण यादीत एकेचे प्रकार होते आणि ही एकेचा प्रकार नव्हती. नळी ३९ सेंटिमीटरवरून सुमारे ४८ ला नेली, फुल ऑटो (चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती सोय) काढलं, मॅगझिन ५ वर अडवलं, झाली नॉन-रिस्ट्रिक्टेड.

मग पार्ट्स. मूळ दस्ता आणि हँडगार्ड लाकडाचा भुसा घातलेल्या तपकिरी प्लॅस्टिकचा, इंग्रजी बोलणारे शौकीन त्याला 'बीव्हरची उलटी' म्हणतात आणि फोटो बघितलात तर तुम्हीही नाही म्हणणार नाही. दस्ता आखूड, दुर्बीण बसवायला नीट जागा नाही. इस्रायलच्या फॅब डिफेन्सने रेलवाले हँडगार्ड आणि एआरचा दस्ता बसवायचे अडॅप्टर काढले, कॅनडातही छोटे वर्कशॉप माउंट वगैरे बनवू लागले. यातल्या बहुतेक गोष्टींना कायद्याने काही फरक पडत नव्हता. पिस्तुलासारखी मूठ लावा, रेल लावा, नळी आणि एकूण लांबी मापात असली की वर्ग तोच. फक्त नळीच्या टोकाला लावलेला ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा फ्लॅश हायडर (ज्वाला लपवणारा) नळीच्या मापात धरत नाहीत, तो वेल्डिंग करून कायमचा बसवला तरीही.

इथे अमेरिकेशी तुलना केली की दोन्ही देशांची डोकी किती वेगळी चालतात ते दिसतं. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर अमेरिकेने लष्करी ढंगाच्या सेमी-ऑटोची आयात थांबवली आणि पुढे ९२२-आर नावाचं कलम आलं, ज्यात २० पार्ट्सची यादी आहे आणि त्यातले १० पेक्षा जास्त परदेशी असलेली 'अ-स्पोर्टिंग' रायफल अमेरिकेत जुळवायची नाही. म्हणून तिकडे लोक रशियन स्पोर्टर (शिकारी रूपात आयात झालेली एके) घेऊन त्यात अमेरिकन चाप, अमेरिकन पिस्टन मोजून मोजून घालायचे. कॅनडात पार्ट कुठे बनला याच्याशी कुणालाच घेणंदेणं नाही, तिथे बघतात तो बदल केला कोणी. नळी घरी कापून ४५७ मिलिमीटरच्या खाली आणली की बंदूक थेट प्रतिबंधित म्हणजे बंदीच्या वर्गात, पण पंप शॉटगनला कारखान्यातूनच त्याहून आखूड नळी आलेली असेल तर चालते. टाव्होर जन्मतःच बुलपप (मॅगझिन चापाच्या मागे असलेली आखूड रचना) म्हणून दुकानात मिळायची, पण साध्या रायफलला बुलपप करणारा सुटा दस्ता हा स्वतःच प्रतिबंधित वस्तू, नुसता जवळ ठेवला तरी गुन्हा. मला हे तर्काला धरून वाटत नाही, पण नियम असा आहे.

सीझेड ८५८ ला शेवटी मापाने नाही, वंशावळीने धरलं. फेब्रुवारी २०१४ च्या शेवटी आरसीएमपीने (कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांनी) स्विस आर्म्सच्या रायफली आणि काही सीझेड ८५८ मॉडेल्स प्रतिबंधित वर्गात टाकली. ८५८ बद्दल म्हणणं असं की या मुळात ऑटोमॅटिक असलेल्या रायफलींपासून बनल्यात. वर्षानुवर्षं कायदेशीरपणे घेतलेली वस्तू एका रात्रीत गुन्हा झाली म्हटल्यावर जो गदारोळ व्हायचा तो झाला. पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने आधी अ‍ॅम्नेस्टी म्हणजे कारवाईतून माफी दिली, मग २०१५ चा सी-४२ कायदा आणला ज्यात मंत्रिमंडळाला आरसीएमपीचं वर्गीकरण फिरवायचा अधिकार मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात दोन्ही रायफली परत नॉन-रिस्ट्रिक्टेड. २०१९ मध्ये ट्रुडो सरकारचा सी-७१ पास झाला, त्यात तो अधिकार काढून घेतलेला. एकाच लोखंडाच्या तुकड्याचा वर्ग असा मागेपुढे होत राहिला आणि तुकड्यात काडीचाही बदल झाला नव्हता.

मग एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात २२ जणांची हत्या झाली आणि १ मे ला सुमारे १५०० मॉडेल्सवर बंदीचा आदेश निघाला. नऊ कुळं नावाने घेतली होती: एआर-१५, एम-१४, मिनी-१४, स्विस आर्म्स आणि हो, व्हीझेड ५८ सुद्धा. यावेळी मापं, नळी, इतिहास काहीच बघायचं नव्हतं, नाव यादीत आलं की संपलं. एम-१४ बरोबर चीनच्या नोरिंकोची एम-३०५ पण गेली, स्वस्तात मिळणारी आणि कॅनडात बनलेल्या अ‍ॅल्युमिनियम चासीत (दस्त्याच्या जागी येणारा सांगाडा) बसवून घ्यायची जिची फॅशनच पडली होती. पार्ट्सच्या बाबतीत आदेशाने एआरचे अप्पर रिसीव्हर (नळी आणि बोल्ट बसतो तो वरचा भाग) स्वतंत्रपणे प्रतिबंधित केले. व्हीझेडचे हँडगार्ड आणि दस्ते तसे धरले नाहीत, पण लावायला रायफलच उरली नाही तर त्यांचं करायचं काय.

या सगळ्यातून मार्च २०२५ पर्यंत तरी निसटलेली एक म्हणजे सोव्हिएत एसकेएस रायफल. नोव्हेंबर २०२२ मध्ये सी-२१ विधेयकात एक दुरुस्ती घुसवून तिलाही आत घ्यायचा प्रयत्न झाला, पण ग्रामीण भागातून आणि फर्स्ट नेशन्सकडून (तिथले मूळ रहिवासी) इतका विरोध झाला, कारण तिथे ती स्वस्तातली रोजची शिकारी रायफल आहे, की फेब्रुवारी २०२३ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली. डिसेंबर २०२४ ला ३२४ मॉडेल्सची नवी यादी आली, मार्च २०२५ ला आणखी १७९, दोन्हीत एसकेएस नाही. तिचं मूळ मॅगझिन १० चं, रायफलीतच बसवलेलं, आणि कॅनडात त्यालाही रिव्हेट मारून ५ वर अडवलेलं असतं.