उंदराचं चाक आणि आघातावरचे उपचार

मोठ्या अपघातातून, हल्ल्यातून किंवा अत्याचारातून वाचलेल्या माणसाला भोवतीचे लोक कळवळून एकच सल्ला देतात : "मनात ठेवू नकोस, एकदाचं सगळं बोलून टाक, मोकळी होशील." या सल्ल्यामागची माया खरी असते. त्यामागची समजूत मात्र कच्ची आहे. मन म्हणजे वाफ कोंडलेलं भांडं, झाकण उघडलं की दाब गेला, अशी ती समजूत. ती फक्त घरच्यांचीच होती असंही नाही. १९८० आणि ९०च्या दशकांत तिच्यावर आधारलेली एक व्यावसायिक पद्धत जगभर पसरली. घटना घडल्यावर काही दिवसांतच वाचलेल्या माणसाला बसवायचं आणि एकाच बैठकीत त्याच्याकडून सगळी हकीकत भावनांसकट वदवून घ्यायची, अशी ही पद्धत. तिला 'डीब्रीफिंग' म्हणतात.

१९९७ साली भाजलेल्या रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली. १३ महिन्यांनी पाहिलं तेव्हा डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर ताणाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, होता. ज्यांचं डीब्रीफिंग झालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं. दोन्ही गट सुरुवातीला तंतोतंत सारखे नव्हते, पहिल्या गटातल्यांच्या जखमा अधिक गंभीर होत्या, त्यामुळे सगळा फरक डीब्रीफिंगच्या माथी मारता येणार नाही. पण पुढे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही या एका बैठकीने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही.

आता गंमत अशी की पीटीएसडीवरच्या ज्या उपचारांचा परिणाम उत्तम सिद्ध झाला आहे, त्यांतल्या बऱ्याच उपचारांतही माणूस आपली आठवण सांगतोच. मग तेच सांगणं एका ठिकाणी निरुपयोगी किंवा घातक आणि दुसऱ्या ठिकाणी औषध, असं का? उपचाराची वेळ, सत्रांची संख्या, थेरपिस्टचं प्रशिक्षण ही सगळी कारणं आहेत. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कारण वेगळं आहे, आणि ते समजून घ्यायला आपल्याला आधी कुत्र्यांकडे आणि मग उंदरांकडे जावं लागेल.

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने बाजूची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याचा झटका किती वेळ टिकणार, हे पहिल्या गटाच्या सरासरीवरून ठरे. त्याला तेवढेच झटके, तेवढाच वेळ बसत. फक्त त्याच्या पट्टीला काही अर्थ नव्हता, त्याने काहीही केलं तरी झटका ठरल्या वेळीच थांबायचा. तिसऱ्या गटाला झटके नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातले कुत्रे हे चटकन शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे कण्हत बसून राहिले, अडसर ओलांडायचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. (आज असा प्रयोग कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि तेच योग्य आहे.) झटके दोघांना सारखेच बसले होते. फरक होता तो फक्त झटका कुणामुळे थांबतो याचा. सेलिगमन-मायर यांनी याला 'शिकलेली असहायता' म्हटलं : आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे कुत्रे शिकले.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली आणि अनेकांच्या डोक्यात ती तिथेच थांबली. मायर मात्र थांबले नाहीत. ते मेंदूविज्ञान शिकले आणि कोलोरॅडो विद्यापीठात त्यांनी हाच प्रश्न उंदरांच्या मेंदूत शोधायला घेतला. उंदराच्या शेपटीला झटका, समोर एक छोटं चाक. चाक फिरवलं की झटका बंद. शेजारच्या खोक्यात त्याचा जोडीदार : तोच झटका, तसंच चाक, पण ते फिरवून काही होत नाही.

मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, डॉर्सल राफे नावाचं पेशींचं एक बारकं केंद्र असतं. मेंदूतल्या सेरोटोनिनचा मोठा वाटा तिथून येतो. सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे, ती सोडून द्यावी. इथे तर हे केंद्र फार पेटलं की प्राणी भित्रा होतो आणि निपचित पडतो. जुन्या सिद्धान्तानुसार असं व्हायला हवं होतं : चाक निरुपयोगी असलेला उंदीर असहायता शिकतो आणि त्या शिकण्यामुळे हे केंद्र पेटतं. प्रत्यक्षात उलटं निघालं. झटके लांबले की केंद्र आपोआप पेटतं, त्यासाठी काहीही शिकावं लागत नाही. शिकतो तो दुसरा उंदीर, ज्याचं चाक चालतं तो. त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला, मध्य प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, कळतं की झटका माझ्या हालचालीने थांबला. मग तिथून खाली निरोप जातो. हे तंतू राफेमधल्या 'गाबा' हे शमवणारं रसायन वापरणाऱ्या पेशींना चेतवतात, त्या पेशी सेरोटोनिनवाल्या पेशींना दाबतात, आणि पेटलेलं केंद्र शांत होतं. म्हणजे चेतवून शमवायचं, अशी ही दोन टप्प्यांची साखळी आहे.

२००५मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. संशोधकांनी झटक्यांच्या वेळेपुरता हा पुढचा भाग औषधाने झोपवला. उंदराने चाक नेहमीसारखंच फिरवलं, झटके नेहमीसारखेच थांबले. तरी दुसऱ्या दिवशी तो अगदी असहाय उंदरासारखा वागला! म्हणजे त्रास थांबणं पुरेसं नाही, तो आपल्यामुळे थांबला याची मेंदूत नोंद व्हावी लागते. पुढे याची उलट बाजूही तपासली गेली. चाक निरुपयोगी असताना हाच भाग औषधाने जागवला, तर उंदीर नंतर धडधाकट राहिले. २०१६ साली सेलिगमन आणि मायर यांनी मिळून एक दीर्घ लेख लिहिला आणि आपला पन्नास वर्षांपूर्वीचा सिद्धान्त उलटा होता, हे मोकळेपणाने मांडलं. दीर्घ, भयंकर त्रासात निपचित होणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते नियंत्रण. स्वतःच्याच प्रसिद्ध सिद्धान्ताची अशी उलटतपासणी करणारे शास्त्रज्ञ मला मनापासून आदरणीय वाटतात.

उंदरावरून माणसावर उडी घेताना जपायला हवं. माणसाच्या आघातात लाज असते, नाती असतात, विश्वासघात असतो, न्याय मिळाला की नाही हा प्रश्न असतो. तरीही माणसांवरच्या चाचण्यांचे काही निष्कर्ष या चाकाजवळच येऊन थांबतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पीटीएसडी असलेल्या २०० लोकांसमोर दोन पर्याय होते : प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर थेरपी किंवा सर्ट्रालिन हे औषध. काहींना उपचार निवडू दिला, बाकीच्यांना चिठ्ठ्या टाकून दिला. दोन्ही उपचारांनी लोक बरे झाले. पण ज्यांना आपल्या पसंतीचा उपचार मिळाला त्यांनी तो अधिक चिकाटीने घेतला आणि त्यांच्यात सुधारणाही अधिक दिसली.

प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर ही पद्धत एडना फोआ यांनी विकसित केली. तिच्यात माणूस डोळे मिटून, वर्तमानकाळात, ती घटना पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकूनच अंगावर काटा येतो, आणि ही थेरपी क्रूर असते असा समज इथूनच पसरतो. पण याच पद्धतीत, माणूस आठवणीत वाहून जाऊ लागला तर थेरपिस्ट त्याला डोळे उघडायला आणि भूतकाळात बोलायला सांगतो. 'तो माझ्याकडे येतोय' याऐवजी 'तो माझ्याकडे आला होता'. व्याकरणातला एवढासा बदल, पण त्याने माणसाला पायाखालची जमीन परत मिळते. आठवण समोर आहे आणि तिच्यापासून किती अंतरावर उभं राहायचं ते आपल्याला ठरवता येतं, हा अनुभव त्या माणसाने पहिल्यांदाच घेतलेला असू शकतो. मूळ घटनेत नेमकं हेच हिरावलं गेलं होतं, आणि सगळं एकदम वदवून घेणाऱ्या डीब्रीफिंगमध्येही ते त्याच्या हाती नसे.

नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी ही युद्ध आणि छळातून वाचलेल्या निर्वासितांसाठी घडवलेली पद्धत आहे. तिच्यात आधी एक दोरी जमिनीवर पसरतात. ती दोरी म्हणजे त्या माणसाचं आयुष्य. चांगल्या प्रसंगांच्या जागी फुलं, वाईट प्रसंगांच्या जागी दगड ठेवायचे. कुठला दगड किती मोठा, हे तोच ठरवतो.

आणि सगळं तपशिलात सांगणं सक्तीचं आहे का? पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत आघाताचा सविस्तर वृत्तान्त लिहून काढायचा भाग असे. २००८ साली रेसिक आणि सहकाऱ्यांनी हिंसेतून वाचलेल्या १५० स्त्रियांवर चाचणी केली. काहींच्या उपचारातून हा भाग काढून टाकला आणि फक्त घटनेमुळे मनात बसलेल्या समजुतींवर काम केलं : 'चूक माझीच होती', 'कुणावरही विश्वास ठेवण्यात अर्थ नाही'. वृत्तान्त न लिहिताही स्त्रिया तितक्याच बऱ्या झाल्या. आता हा भाग ऐच्छिक मानला जातो. याच थेरपीची ठरलेली १२ सत्रं सैल करून, बरं वाटेल तेव्हा थांबायचं, हवी तर १८पर्यंत न्यायची, असंही करून पाहिलं गेलं आहे. निम्म्याहून अधिक लोकांना १२पेक्षा कमी सत्रं पुरली, तर काहींना खरोखरच जास्त लागली. ज्यांना जास्त लागली त्यांना पूर्वी 'उपचार लागू पडला नाही' या रकान्यात टाकलं जात असे, ही गोष्ट मला फार टोचते.

'चूक माझीच होती' या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण करुणेचा शास्त्रीय अर्थ इथे कळतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. हात हलेना, आवाज फुटेना. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्यांना पुढे पीटीएसडी आणि नैराश्याचा धोकाही जास्त होता. हे गोठणं आणि मायर यांच्या उंदरांचं निपचित होणं तंतोतंत एकच नव्हे, पण इच्छेने निवडलेलं यांतलं एकही नाही. 'तू ओरडली का नाहीस?' हा प्रश्न विचारणारा माणूस मेंदूस्तंभाकडे जाब मागत असतो. वाचलेली बाई तोच प्रश्न वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहते.

तिला फक्त 'तुझी चूक नव्हती' असं सांगून भागत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आलं की त्यांचे रुग्ण योग्य वाक्यं म्हणत, पण मनातल्या मनात ती म्हणण्याचा सूर खेकसल्यासारखा असे. 'कळतं सगळं, पण आत उतरत नाही.' त्यातून त्यांनी करुणाकेंद्रित थेरपी घडवली. संथ श्वास, कल्पनेतली मायाळू व्यक्ती, स्वतःशी बोलताना आवाजाचा पोत बदलणं, असा सराव तिच्यात असतो. कुणाला हे भाबडं वाटेल. पण मेंदूची धोक्याची यंत्रणा शब्दांइतकीच, कधी त्यांहून अधिक, सुराला प्रतिसाद देते, आणि आतून येणारा खेकसणारा आवाज हाही तिच्या लेखी धोकाच असतो.

याच चाकाच्या नजरेतून 'बाधा झाली' म्हणून चालणाऱ्या अघोरी उपायांकडे पाहा. फ्लॅशबॅक आलेला, म्हणजे ती घटना आत्ताच पुन्हा घडतेय असं अनुभवणारा, किंवा बधिर होऊन शून्यात पाहणारा माणूस झपाटलेला समजून त्याला बांधून ठेवतात, मारतात, कोंडतात. म्हणजे ज्या असहायतेने तो आजारी पडला तिचाच आणखी एक डोस. सुशिक्षितांची अंधश्रद्धा वेगळी असते : एका दिवसाच्या शिबिरात शरीरात 'साठलेला' आघात बाहेर काढून देणारे, अमुक नस दाबून मज्जासंस्था 'रीसेट' करणारे, संमोहनाने मागच्या जन्मातला आघात शोधणारे. हा शेवटचा प्रकार विशेष धोक्याचा आहे. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रसिद्ध प्रयोगात २४पैकी ६ जणांना, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची कधीच न घडलेली आठवण थोडीफार तरी 'आठवली' होती. फक्त घरच्यांच्या नावाने सुचवणं पुरलं. आठवण उकरून काढायच्या नादात ती नवी पेरली जाऊ शकते.

माणसाच्या कलाने उपचार करण्याच्या या लवचीकपणालाही एक खाच आहे. पीटीएसडीला जिवंत ठेवतं ते टाळणं : ती जागा, तो वास, तो विषय टाळणं. दर आठवड्याला 'आज नको' म्हणू देणारा प्रेमळ थेरपिस्ट नकळत त्या टाळण्याचा साथीदार होतो. आधी मन स्थिर करण्यातच किती वेळ घालवावा यावर तज्ज्ञांमध्ये जोरदार वाद आहे. अनेक रुग्ण समजतो त्यापेक्षा लवकर आठवणीला सामोरे जाऊ शकतात, त्यांना महिनोन् महिने थांबवणं म्हणजे त्यांना कमजोर समजणं, असं एका गटाचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. नियंत्रणाची नोंद व्हायला समोर काहीतरी असावं लागतं. झटकाच नसेल तर उंदीर चाकाबद्दल काय शिकणार?

सगळ्यांनाच उपचार लागतात असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघातकारक घटना येते, पण पीटीएसडी त्यांपैकी ५.६ टक्के लोकांना होतो. घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत सुरक्षित जागा, झोप, जवळची माणसं आणि हातातले छोटे निर्णय महत्त्वाचे. बोलावंसं वाटलं तर ऐकायला कुणी असावं, आणि गप्प बसावंसं वाटलं तर ते चालावं. महिन्याहून अधिक काळ फ्लॅशबॅक, दचकून जागं होणं, टाळाटाळ चालू राहिली, तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

तिथे गेल्यावर पहिल्याच भेटीत एक प्रश्न जरूर विचारा : "मधेच मला थांबावंसं वाटलं तर काय करायचं?" चांगल्या थेरपिस्टकडे याचं उत्तर तयार असतं. हात वर करायचा, तो लगेच थांबेल, दोघं मिळून श्वास जागेवर आणतील, आणि पुन्हा सुरू करायचं की पुढच्या वेळी, ते तुम्ही सांगायचं.